युक्रेनच्या तरुण चित्रकारांसाठी काही करायचंय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

युक्रेनमधल्या तरुण चित्रकारांना स्पर्धा आणि प्रदर्शनांच्या वाटेनं हातभार कसा लावायचा, याबद्दल आलेल्या पत्रांतली आठ इथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांत तिथे वैद्यकीय शिक्षण घेतलेले आहेत, युरोपातली मराठी मंडळं आहेत, शाळेतले कलाशिक्षकही आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

मी टर्नोपिलला एमबीबीएस करत होतो, २०२२ मध्ये परत आलो. आमच्या बॅचनं साठ हजार रुपये जमवलेत. ते तिथल्या तरुण कलाकारांना द्यायचेत. कुणाला आणि कसे पाठवायचे? — एक डॉक्टर, कोल्हापूर

ओळखीचा कलाकार नसेल तर युक्रेनियन इमर्जन्सी आर्ट फंड हा सरळ मार्ग. मार्च २०२२ मध्ये तो उभा राहिला. म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्ट ही कीवची स्वयंसेवी संस्था, झाबोरोना हे माध्यम, द नेकेड रूम हे कलादालन आणि मिस्तेत्स्की आर्सेनल ही मोठी कलासंस्था अशा चौघांनी मिळून तो सुरू केला. देशातच राहून काम करणाऱ्या कलाकारांना, क्युरेटरना आणि अभ्यासकांना जगण्यासाठी आणि कामासाठी विद्यावेतन देणं हा त्याचा गाभा आहे. आम्हाला तो आवडतो तो एका कारणासाठी: निवड तिथली माणसं करतात. कुणाच्या चित्रात दम आहे हे कोल्हापुरात बसून ठरवावं लागत नाही.

पैसे पाठवताना तीन ठिकाणी अडतं. पहिलं, लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम फक्त निवासी व्यक्तींसाठी आहे. संस्था, मंडळ किंवा ट्रस्टच्या खात्यातून या योजनेखाली रक्कम जात नाही. व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मर्यादा आहे, भेट आणि देणगी हे दोन्ही हेतू त्यात बसतात. बँकेत ए-२ फॉर्म भरायचा आणि हेतू ‘देणगी’ असा स्पष्ट लिहायचा. सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यावर गोळा केलेत तर बँक स्रोत विचारणार, म्हणून कुणी किती दिले याची सही केलेली यादी जवळ ठेवा.

दुसरं, शुल्क. पाठवणारी बँक, मधली बँक आणि घेणारी बँक अशा तिघी आपापला वाटा कापतात. दहा जणांनी सहा-सहा हजार वेगवेगळे पाठवले तर दहा वेळा कापतात. एकदाच पाठवा आणि ‘सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे’ हा पर्याय निवडा, म्हणजे समोर ठरलेली रक्कम पोचेल.

तिसरं, करसवलत. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०-जी सारखी वजावट मिळत नाही. कुणी मिळेल म्हणत असेल तर पावती आधी बघा. टीसीएसची, म्हणजे परदेशी जाणाऱ्या रकमेवर बँक आधीच वसूल करते त्या कराची, काळजी मात्र नको. वर्षाला दहा लाखांच्या पुढे गेलात तरच तो प्रश्न येतो.

माझ्या ओळखीची एक युक्रेनियन चित्रकर्ती २७ वर्षांची आहे, सध्या क्राकूव्हमध्ये राहते. तिनं कोणत्या स्पर्धांत भाग घ्यावा? — वाचक, वॉर्सा

पहिलं नाव पिंचुक आर्ट सेंटर प्राइझ. कीवमधलं हे केंद्र २००६ पासून आहे, पुरस्कार २००९ पासून. साधारण दोन वर्षांनी एकदा, ३५ वर्षांपर्यंतच्या युक्रेनियन कलाकारांसाठी. देशाबाहेर राहणारेही अर्ज करू शकतात. पहिला मान आर्तेम वोलोकितिनला मिळाला, २०११ मध्ये निकिता कादान, २०१३ मध्ये झान्ना काडिरोवा, २०१५ मध्ये ओपन ग्रुप हा कलाकारांचा गट. याच ओपन ग्रुपनं २०२४ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक कलाप्रदर्शनात, पोलंडचं दालन मांडलं. युद्धात ऐकलेले शस्त्रांचे आवाज तोंडानं काढून दाखवणारे विस्थापित आणि तो आवाज आपणही काढावा म्हणून प्रेक्षकासमोर ठेवलेला मायक्रोफोन, अशी ती मांडणी होती. २०१५ चा पुरस्कार आणि २०२४ चं व्हेनिस यांत नऊ वर्षं आहेत. कलाकाराला उभं राहायला एवढा वेळ लागतो. एका प्रदर्शनानंतर मदत आवरती घेणाऱ्यांनी हा हिशेब जरूर बघावा.

या पुरस्काराची रचना समजून घेण्यासारखी आहे. आलेल्या अर्जांतून साधारण वीस जणांची निवड होते. निवडलेल्यांना नवी कलाकृती घडवण्यासाठी साहाय्य मिळतं, त्या कृतींचं प्रदर्शन केंद्रात लागतं आणि मग आंतरराष्ट्रीय परीक्षक मुख्य पुरस्कार ठरवतात. प्रेक्षकांच्या मतावर वेगळं पारितोषिक असतं. म्हणजे जिंकला नाही तरी वीसातल्या प्रत्येकाच्या हाती एक नवं, नीट बनलेलं काम आणि एक चांगलं प्रदर्शन राहतं. बक्षिसापेक्षा हे मोठं. (केंद्र पोलाद-पाइपच्या धंद्यातले उद्योगपती व्हिक्टर पिंचुक यांच्या पैशावर चालतं, ते माजी राष्ट्राध्यक्ष कुच्मा यांचे जावई. युक्रेनमधले कलाकारही यावर कुरकुरतात आणि अर्जही करतात.)

त्याच प्रतिष्ठानचा फ्यूचर जनरेशन आर्ट प्राइझ जगभरच्या ३५ पर्यंतच्या कलाकारांना खुला आहे आणि प्रवेश मोफत आहे. मुख्य पुरस्कार एक लाख डॉलरचा, पण हातात ६० हजार, उरलेले ४० हजार नव्या कामाच्या निर्मितीसाठी. २०२४ मध्ये तो बांगलादेशच्या अश्फिका रहमानला मिळाला. महाराष्ट्रातल्या तरुण चित्रकारांनीही इकडे लक्ष द्यायला हरकत नाही.

अगदी सुरुवातीला असणाऱ्यांसाठी कीवच्या श्चेरबेंको आर्ट सेंटरची ‘मुखी’ ही स्पर्धा जास्त जवळची. ‘मोलोदी उक्राइन्स्की खुदोझनिकी’, म्हणजे तरुण युक्रेनियन कलाकार, याची ती आद्याक्षरं. उच्चार मात्र ‘माश्या’ या शब्दाच्या अगदी जवळ जातो आणि ही कोटी त्यांनी मुद्दाम राखली आहे. तीही २००९ पासून चालू आहे.

तुमची चित्रकर्ती पोलंडमध्येच आहे, म्हणून गाउदे पोलोनिया विसरू नका. पोलंडच्या संस्कृती मंत्रालयाची ही शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. सहा महिने मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करायचं असतं. नियम दरवर्षी बघा. आधीपासून पोलंडमध्ये वास्तव्य असलेल्यांबद्दल त्या वर्षीच्या अटी काय म्हणतात हे पाहिल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नका.

अर्ज कुठे फसतात ते सांगतो. पाच शैलींतली तीस चित्रं एकत्र पाठवली की परीक्षकाला माणूस दिसत नाही. एका धाग्याची आठ-दहा कामं पुरेत. काचेतल्या चित्राचा फोटो काढला की खिडकी आणि फोटो काढणाराच दिसतो. काच काढा, ढगाळ दिवशी खिडकीजवळ चित्र उभं करा, कॅमेरा चित्राच्या मध्याशी समांतर धरा. तिसरी गोष्ट निवेदन. ‘माझी कला युद्धाच्या वेदना व्यक्त करते’ हे वाक्य त्या परीक्षकांनी त्या दिवशी शेकड्यानं वाचलेलं असतं. काय केलं, कशावर केलं, का तसं केलं हे दीडशे शब्दांत लिहावं.

जर्मनीतलं आमचं मराठी मंडळ दहा युक्रेनियन चित्रकारांचं प्रदर्शन भरवू पाहतंय. मूळ चित्रं आणि शक्य झाल्यास चित्रकारही आणायचेत. — मंडळाचे कार्यवाह

आधी माणसांचं. लष्करी कायद्यामुळे फेब्रुवारी २०२२ पासून १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये १८ ते २२ वयाच्या तरुणांना मुभा मिळाली. अपवाद आहेत, संस्कृतीच्या कामासाठी तात्पुरती परवानगीही काहींना मिळते, पण तिच्या भरवशावर उद्घाटनाची तारीख छापू नका. २३ ते ३५ मधले पुरुष येणार नाहीत असंच धरून चाला. निवडीत मात्र त्यांना गाळू नका. त्यांची चित्रं येऊ द्या, उद्घाटनाला व्हिडिओवर बोलावा आणि प्रवासखर्चाचे वाचलेले पैसे त्यांच्याच मानधनात घाला. ‘जे येऊ शकतात तेच घेऊ’ असं ठरवलं की भिंतीवर आपोआप फक्त मुली आणि आधीच बाहेर पडलेले कलाकार उरतात. देशात राहिलेल्यांना बसणारी ही दुहेरी शिक्षा आहे.

आता चित्रांचं. युक्रेनमधून नागरी विमानं २४ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहेत. सगळं रस्त्यानं किंवा रेल्वेनं, बहुधा पोलंडमार्गे येतं. सीमेवर किती वेळ जाईल हे कुणी सांगू शकत नाही: २०२३ च्या नोव्हेंबरात पोलिश ट्रकवाल्यांनी नाके अडवले तेव्हा वाहनं दिवसेंदिवस उभी होती. चित्रं उद्घाटनाच्या किमान तीन आठवडे आधी पोलंडमध्ये पोचतील असं वेळापत्रक आखा.

कागदपत्रं दोन टोकांची लागतात. युक्रेनच्या बाजूनं सांस्कृतिक वस्तूंच्या निर्यातीचा कायदा लागू होतो. कोणत्या कृतीला परवाना आणि कोणत्या कृतीला नुसता तज्ज्ञाचा निष्कर्ष पुरतो, हे तिथल्या भागीदार कलादालनाला ठरवू द्या. ‘माझंच चित्र आहे, कालच काढलंय’ एवढं सीमेवर पुरत नाही. युरोपीय संघाच्या बाजूनं तात्पुरत्या आयातीसाठी एटीए कार्नेट घ्या. युक्रेनमध्ये तो तिथलं वाणिज्य व उद्योग मंडळ देतं, मुदत एक वर्ष. यादीत प्रत्येक चित्राचं नाव, माप, माध्यम, वर्ष आणि किंमत हवी. नेहमीची चूक अशी की कार्नेटवर आणलेलं चित्र प्रदर्शनात विकलं जातं. कार्नेट म्हणजे परत नेण्याचं वचन. विक्रीसाठीची चित्रं वेगळ्या इन्व्हॉइसवर, रीतसर आयात करून आणा. जर्मनीत मूळ कलाकृतींच्या आयातीवर व्हॅट ७ टक्के आहे, नेहमीचा १९ नव्हे. मात्र मालावर ‘मूळ कलाकृती’ असं वर्गीकरण नीट लिहिलेलं असलं पाहिजे.

विमा काढताना ‘भिंत ते भिंत’ असं ऐकून खूश होऊ नका. जमिनीवरच्या युद्धामुळे झालेलं नुकसान मालवाहतुकीच्या नेहमीच्या पॉलिसीत वगळलेलं असतं. व्यवहारात संरक्षण बहुतेक पोलंडच्या बाजूला माल हातात आल्यावर सुरू होतं. मधल्या पट्ट्यात काही झालं तर कलाकाराला तुम्ही काय देणार हे करारात आकड्यानं लिहा.

बांधणी. मोठे कॅनव्हास ताणपट्टीवरून सोडवून नळीवर गुंडाळून आणणं स्वस्त पडतं. रंगाची बाजू बाहेर ठेवायची. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जातो आणि उलगडताना सुरकुत्या फुटतात. नळीचा व्यास निदान २० सेंटिमीटर, मध्ये सिलिकॉन लावलेला कागद. बबल रॅप रंगाला टेकता कामा नये, त्याचे गोल ठसे कायमचे उमटतात. जाड सुरीकाम असलेलं तैलचित्र गुंडाळूच नका. आणि तारीख विचारा. तरुण चित्रकार प्रदर्शनासाठी म्हणून महिनाभर आधी तैलचित्र काढतात. वरून कोरडं वाटलं तरी आत ते ओलं असतं आणि कागदाला चिकटतं. ॲक्रिलिकची गोष्ट उलटी: थंडीत त्याचा थर ठिसूळ होतो. जानेवारीत ट्रकमधून उतरलेली नळी लगेच उघडली तर तडे ऐकू येतात. बंदच ठेवून २४ तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लाकडी खोका असेल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा, म्हणजे लाकूड ५६ अंशांवर अर्धा तास तापवल्याची खूण. प्लायवूडला तो लागत नाही.

हे सगळं वाचून हबकला असाल तर एक उदाहरण. २०२२ च्या व्हेनिस बिएनालेत युक्रेनच्या दालनात पावलो माकोव्ह यांचं कारंजं होतं, ब्राँझच्या ७८ नरसाळ्यांचं. युद्ध सुरू होताच क्युरेटर मारिया लान्को यांनी ती ७८ नरसाळी खोक्यांत घालून स्वतःच्या गाडीतून कीवबाहेर काढली. उरलेली मांडणी इटलीत नव्यानं बनवली. कलाकृतीचा नेमका कोणता भाग जागेवरून हलायलाच हवा आणि कोणता तिकडे पुन्हा करता येतो, हा प्रश्न प्रत्येक चित्रकाराला विचारा. पुष्कळदा उत्तर हाती धरण्याएवढं लहान निघतं.

पुण्यात मूळ चित्रं आणणं परवडणार नाही. फाइल मागवून इथे छापली तर चालेल का? दर्जा कसा राखायचा? — कलादालन चालवणारी वाचक, पुणे

चालेल, आणि भारतासाठी आम्ही हेच सुचवू. ग्राफिक चित्र, छायाचित्र, डिजिटल चित्र, पोस्टर, कॉमिक यांत काहीच हरवत नाही. तैलचित्राची प्रत मात्र ‘प्रदर्शन-प्रत’ म्हणून ठळक लिहून लावा.

फाइल टिफ मागा, जेपेग नको. छापायच्या आकाराला ३०० डीपीआय: ए-३ साठी ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, ए-२ साठी ४९६१ बाय ७०१६. फोनमधला फोटो ताणून हा आकडा गाठलेला असतो, म्हणून फाइल पडद्यावर शंभर टक्के आकारात उघडून एक कोपरा तपासा. रंगाचं प्रोफाइल फाइलमध्येच असलं पाहिजे, नाहीतर छापखान्याचं यंत्र स्वतःचं लावतं आणि निळं जांभळं होतं. आधी ए-४ वर एक नमुना छापा, दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो चित्रकाराला पाठवा आणि लेखी होकार आल्यावरच मोठी छपाई करा. कागद कापसाचा, ३०० जीएसएमच्या आसपास. छपाई झाल्यावर २४ तास मोकळी ठेवा. लगेच काचेत घातली तर शाईतली वाफ काचेच्या आतून धूसर थर धरते.

पुण्या-मुंबईत हे पावसाळ्यात करत असाल तर माउंट नक्की घाला. दोन मिलिमीटरचा आम्लविरहित माउंट कागद आणि काच यांत अंतर ठेवतो. नाहीतर ओलीनं फुगलेला कागद काचेला चिकटतो आणि सुटत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर. छापील प्रतींवर प्रखर स्पॉटलाइट नको. कुणी मूळ जलरंग किंवा रेखाटन पाठवलं असेल तर त्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड टाकू नका.

करार एका पानाचा पुरतो: किती प्रती, कोणत्या आकारात, किती दिवस, कुठे, मानधन किती आणि कधी, प्रदर्शनानंतर प्रती नष्ट करून फोटो पाठवायचा की विकायच्या. विकायच्या असतील तर ‘१० पैकी ३’ अशी मालिका ठरवा. सहीचं प्रमाणपत्र कुरियरनं मागवता येतं, पाकीट हलकं असतं. विक्रीतला वाटा आणि प्रदर्शनाचं शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकही प्रत विकली गेली नाही तरी शुल्क द्यायचंच. कलादालन जीएसटी नोंदणीकृत असेल तर परदेशी कलाकाराला दिलेल्या शुल्कावर रिव्हर्स चार्ज (म्हणजे पैसे देणाऱ्यानंच भरायचा जीएसटी) आणि उद्गम करकपात या दोन्हींचा विचार सीएकडून आधी करून घ्या. परदेशात पैसे पाठवताना भरायचा आयकराचा फॉर्म ऐनवेळी आठवतो आणि मग पैसे महिनाभर अडतात.

आमच्या गटानं तरुण युक्रेनियन चित्रकारांसाठी ऑनलाइन स्पर्धा ठेवली. बक्षीस एक हजार युरो. नऊच प्रवेशिका आल्या आणि त्यातल्या तिघांनी नंतर माघार घेतली. आमचं काय चुकलं? — वाचक, लंडन

तुमची जाहिरात आम्ही पाहिली. चुका चार आहेत, त्यातली एक मोठी.

मोठी आधी. तुम्ही ‘पूर्व युरोपातले तरुण कलाकार’ असा एकत्र विभाग केलात आणि त्यात रशियातल्या कलाकारांनाही बोलावलंत. माघारीचं कारण तेच. शांततेसाठी दोघांना एका भिंतीवर आणावं हा विचार बाहेरून सुंदर दिसतो. ज्याच्या घरावर क्षेपणास्त्र पडलं त्याला तो पाहुण्याच्या हट्टासारखा लागतो. युक्रेनियन कलाकारांनी अशा एकत्रित मंचांतून अंग काढून घेणं २०२२ पासून सर्रास आहे. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण मग ते जाहिरातीच्या पहिल्या ओळीत लिहा. निवड झाल्यावर कळवणं अन्याय आहे.

दुसरी चूक प्रवेश-फीची. दहा युरो लंडनमध्ये कॉफी-सँडविचचे पैसे. तिथल्या विद्यार्थ्याला ते फार जड जातात. शिवाय फी दिसली की अनुभवी माणूस ती स्पर्धा खोटी समजतो, आणि बहुतेकदा बरोबर समजतो.

तिसरी, शेवटची तारीख आणि फाइल. ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर हल्ले होत आले आहेत. हिवाळ्यात कित्येक भागांत वीज पाळीनं येते. तुम्ही पन्नास एमबीची फाइल मागितली, मध्येच जतन न होणारा फॉर्म ठेवला आणि लंडनच्या मध्यरात्री खिडकी बंद केली. कीवमध्ये तेव्हा पहाटेचे दोन वाजलेले असतात. पहिल्या फेरीला दहा एमबी पुरे. फॉर्म मोबाइलवर भरता यावा, अर्धा भरून ठेवता यावा. वेळ कीवची लिहा, शक्यतो दुपारची. आणि ४८ तासांची सवलत मनात धरून ठेवा, मागितली की द्या, कारण विचारू नका. जाहिरात युक्रेनियन भाषेतही हवी, भाषांतर तिथल्या माणसाकडून, पैसे देऊन.

वयाची अट ३५ ठेवलीत ते ठीक. पण जे सैन्यात आहेत त्यांची सेवेची वर्षं वयातून वजा करा. ही ओळ छोटी असली तरी तिच्यामुळे तिकडे विश्वास बसतो. ‘युक्रेनियन’ म्हणजे नागरिकत्व की वास्तव्य हेही लिहा. क्रिमिया आणि व्यापलेल्या भागांतून आलेल्यांकडे कागदपत्रं अपुरी असतात, त्यांच्यासाठी तिथल्या कला अकादमीचं किंवा कलादालनाचं पत्र चालवा. अशा लोकांचं सध्याचं ठिकाण मात्र कुठेही छापू नका.

चौथी गोष्ट बक्षीस. युक्रेनमध्ये व्यक्तीला मिळालेल्या उत्पन्नावर १८ टक्के प्राप्तिकर आणि डिसेंबर २०२४ पासून ५ टक्के लष्करी कर आहे. परदेशातून आलेली रक्कम कलाकारानं स्वतः पुढच्या वर्षी १ मेपर्यंतच्या विवरणपत्रात दाखवायची आणि कर १ ऑगस्टपर्यंत भरायचा. म्हणजे तुमच्या हजारातले २३० युरो त्याचे नाहीतच, आणि हे त्याला पुढच्या उन्हाळ्यात कळतं तोवर पैसे संपलेले असतात. निकालाच्या पत्रातच तसं लिहा. कलाकारानं ‘एफओपी’ म्हणजे एकल उद्योजक म्हणून तिसऱ्या गटात नोंदणी केली असेल, तर कामाच्या मोबदल्यावर ५ टक्के एकत्रित कर आणि १ टक्का लष्करी कर पडतो. अशा वेळी ‘बक्षीस’ न म्हणता निर्मितीचं काम द्या, करार करा, त्याच्याकडून इन्व्हॉइस घ्या. पण खरोखर काम करून घेणार असाल तरच.

आणि एक हजाराचं एकच बक्षीस का? अडीचशेची चार निर्मिती-शुल्कं आणि त्या चारही कामांचं एक नीट छापलेलं प्रदर्शन, असं आम्ही केलं असतं. परीक्षक तिघे असतील तर निदान दोघे युक्रेनमधले हवेत, आणि त्यांनाही मानधन.

प्रदर्शनातल्या विक्रीचे पैसे युक्रेनच्या सैन्याकडे जातात असं ऐकलं. आम्हाला फक्त कलेला मदत करायची आहे. — वाचक, ठाणे

कधी जातात, कधी नाही. बरेच कलाकार विक्रीतला वाटा लढणाऱ्या मित्रांच्या तुकडीला, औषधांना किंवा गाड्यांना देतात. काडिरोवा यांचं ‘पालियानित्सिया’ हे काम प्रसिद्ध आहे: डोंगरी नदीतले गुळगुळीत दगड भाकरीसारखे कापून मांडलेले. पालियानित्सिया म्हणजे युक्रेनची चुलीतली गोल पाव-भाकरी. हा शब्द रशियन माणसाला नीट उच्चारता येत नाही म्हणून युद्धात तो ओळखीचा परवलीचा शब्द झाला. त्या दगडांच्या विक्रीतली रक्कम मदतकार्याला गेली.

कलाकारानं स्वतःच्या पैशाचं काय करावं हे त्याचं त्याला ठरवू द्या. तुमच्याकडची देणगी कुठे जाणार हे मात्र तुम्ही ठरवू शकता: विद्यावेतन, रंग-कागद, छपाई, निवास असं शीर्षक लिहूनच द्या. लिलावात कलाकारानं शंभर टक्के रक्कम दान करावी असा आग्रह धरणाऱ्या आयोजकांपासून दूर राहा. स्टुडिओचं भाडं थकलेल्या पोराकडून चित्र फुकट घेऊन दानशूर म्हणवणारे तिकडेही आहेत, इकडेही. निम्मा वाटा कलाकाराला, तोही लिलावानंतर पंधरा दिवसांत, ही किमान अट.

भारतात नोंदलेला ट्रस्ट हे काम करणार असेल तर उलट दिशेचा धोका लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या आप्तांनी ट्रस्टला पैसे दिले आणि ते परदेशी नागरिक असले, मग ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) का असेनात, तर तो परदेशी निधी ठरतो आणि एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं तिथून बँकेमार्फत दिलेली रक्कम त्यात येत नाही.

शाळेतल्या मुलांकडून युक्रेनच्या मुलांसाठी चित्रं काढून घेऊन पाठवायची आहेत. स्पर्धाही घ्यावी का? — कलाशिक्षक, नाशिक

चित्रं जरूर काढा, स्पर्धा नको. ‘युद्धावर चित्र काढा’ हा विषय तर मुळीच नको. इथल्या मुलानं काढलेला रणगाडा तिथल्या मुलाला भेट म्हणून मिळणं हे विचित्र होईल. आपली नदी, आपला बाजार, पाऊस, घरातलं मांजर असं काढू द्या. तिकडे सरकारी बालकला-शाळांची जुनी परंपरा आहे, मुलं शाळेनंतर काही वर्षं तिथे रीतसर रेखाटन आणि रंग शिकतात. अशी एखादी शाळा गाठून दोन्हीकडची वीस-वीस चित्रं स्कॅन करून दोन्हीकडे छापा. मुलाचं पहिलं नाव आणि वय एवढंच लिहायचं, शाळा आणि गाव नाही.

स्पर्धाच हवी असेल तर दिल्लीची शंकर्स इंटरनॅशनल चिल्ड्रन्स कॉम्पिटिशन आहे, व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये सुरू केलेली, सोळा वर्षांपर्यंतच्या जगभरच्या मुलांसाठी. तुमच्या जोडीदार शाळेला तिची माहिती युक्रेनियन भाषेत पाठवा, एवढीही मोठी मदत होईल.

कॅटलॉगमध्ये नावं कशी लिहावीत? — वाचक, पणजी

युक्रेनियन उच्चाराप्रमाणे: कीव (किएव्ह नाही), खार्किव (खार्कोव्ह नाही), ओदेसा, ल्विव. व्यक्तींची नावंही तशीच, व्होलोदिमिर, ओलेना, मिकोला, आणि देवनागरी रूप एकदा कलाकारालाच वाचून दाखवा. ‘रशियन अवाँ-गार्द परंपरेतली चित्रकर्ती’ असं सवयीनं लिहू नका, त्या परंपरेतलं सर्वात मोठं नाव समजला जाणारा मालेविचच कीवमध्ये १८७९ साली जन्मला. लंडनच्या नॅशनल गॅलरीनं एप्रिल २०२२ मध्ये फ्रेंच चित्रकार देगाच्या ‘रशियन नर्तकीं’चं नाव बदलून ‘युक्रेनियन नर्तकी’ केलं. केसांतल्या फितींचे रंग युक्रेनच्या झेंड्याचे, निळे-पिवळे आहेत आणि या नावावर बरीच वर्षं चर्चा चालू होती. कॅटलॉगचं प्रूफ छापण्याआधी कलाकाराकडे पाठवा आणि उत्तराला किमान आठवडा द्या, वीज नसली तर तेवढा लागतो.